ढग गेला की वीज जाते

ढग आला की वीज जाते, असं कुणी सांगितलं तर आपण लगेच मान डोलावू. पण लवटेवस्तीवर सगळं उलटं होतं. तिथं ढग आला तरी वीज असायची, आणि ढग गेला की जायची!

म्हणजे बघा. लख्ख ऊन पडलंय. डाळिंबाच्या बागांत पाण्याच्या मोटारी चालू आहेत, घरात पंखा फिरतोय. एवढ्यात एक दांडगा ढग सूर्यापुढं येतो. मोटारी थांबतात, पंखा मात्र फिरत राहतो. बरं. मग ढग सरकतो, ऊन परत येतं, कोंबड्या अंग झटकून अंगणात येतात, आणि नेमका तेव्हाच डीपीतून आवाज येतो, खट्! पंखा बंद, फ्रीज बंद, अख्ख्या वस्तीची वीज गुल. भर उन्हात.

या आवाजाचा सगळ्यात जास्त राग कुणाला यायचा, तर कार्तिकी लवटेला. तसं तिला राग यायला फारसं कारण लागायचं नाही. शेळीनं वाकडं तोंड केलं तरी पुरायचं. पण या वेळी कारण मोठं होतं.

त्या दिवशी ती भिंतीवरच्या पडद्यावर आबांशी बोलत होती. आबा म्हणजे तिचे आजोबा, बिरुदेव लवटे. तरुणपणी मेंढरांच्या मागं कोकणापर्यंत पायी जाऊन आलेला माणूस. आता त्यांच्या दोन्ही किडन्या दमल्या होत्या. किडनी रक्तातली घाण गाळते. ती दमली की ते काम मशीनला करावं लागतं. ते मशीन शहरातल्या दवाखान्यात, म्हणून आबाही शहरात, आत्याच्या पाचव्या मजल्यावरच्या घरात.

"आबा, गोळी घेतली का?"

"घेतली की. तुझी आत्या सोडती व्हय मला?" आबा हसले, पण गाल आत गेलेले दिसले. "बाग कशी हाय?"

"फुटलीय. दाखवते थांबा." कार्तिकीनं पडद्याला जोडलेला कॅमेरा दाराबाहेर धरला. लाल फुलांनी झाडं नुसती पेटली होती.

आबा पडद्याजवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "हितं आभाळ खिडकीएवढंच हाय गं. फिरवून फिरवून तेवढंच बघायचं."

कार्तिकीला काहीतरी बोलायचं होतं. तेवढ्यात बाहेर ढग सरकला, अंगण उजळलं, आणि खट्! पडदा काळा.

"या डीपीच्या आयला!" कार्तिकी ओरडली.

"कार्ते! तोंड सांभाळ," चुलीपासून आई म्हणाली. पण तिचाही आवाज रडवेला होता.

कारण कालच डॉक्टर मुजावर मॅडमचा फोन आला होता. आता घरी ठेवायचं छोटं मशीन निघालं होतं, पिठाच्या डब्याएवढं. ते मिळालं की आबा कायमचे घरी. पण मॅडम म्हणाल्या, "तुमच्या डीपीचा ठिपका नकाशावर लाल आहे. मशीनला बॅटरी असते, पण वीज सारखी जाणार असेल तर बॅटरीचा भरवसा धरता येत नाही. डीपी महिनाभर एकदाही पडली नाही की ठिपका पिवळा होतो. पिवळा झाला की मशीन मी स्वतः पाठवते."

कसला नकाशा आणि कसला ठिपका, कुणालाच कळलं नाही. अण्णांनी, म्हणजे कार्तिकीच्या वडिलांनी, नुसतं "बरं बरं" म्हणून फोन ठेवला होता.

कार्तिकीनं चपला घातल्या आणि तरातरा बांधावरून डीपीकडं निघाली.

डीपी म्हणजे दोन खांबांच्या मध्ये बसवलेली ती राखाडी पेटी, रोहित्र (लांबून आलेली जोरकस वीज घरात वापरता येईल इतकी मवाळ करणारं यंत्र). डीपी पडली की खांबावर घोरपड चढायची. खरी नाही. वीज कंपनीचा रोबो होता तो, हातभर लांब, खांबाला पोट लावून सरसर चढणारा. पोरांनी त्याला घोरपड म्हणायला सुरुवात केली आणि मग मोठ्यांनीही. घोरपड यायची, पेटी तपासायची, खटका वर करायची आणि तारेवरून पुढच्या खांबावर निघून जायची.

आत्ताही ती वर चिकटली होती. कार्तिकीनं दगड उचलला आणि नेम धरून मारला. टण्!

"दगड नोंदवला," घोरपड म्हणाली. "डावा मागचा पाय, किरकोळ ओरखडा. आपली तक्रार काय आहे?"

कार्तिकीच्या हातातला दुसरा दगड हातातच राहिला. "तू बोलतीस?"

"विचारलं तर बोलते. या खांबावर मी तीन वर्षं येते आहे. दगड पुष्कळ आले. प्रश्न हा पहिलाच."

कार्तिकीला जरा ओशाळल्यासारखं झालं. पण तिनं ते दाखवलं नाही. "ढग गेला की आमचीच वीज का जाते? आणि तो लाल ठिपका कुणी दिला आम्हाला? मला सगळं पाहिजे. लपवायचं नाही."

"लपवता येतच नाही," घोरपड म्हणाली आणि चार चिकट पायांनी खाली उतरून तिच्या डोळ्यांसमोर आली. तिच्या पाठीवर एक पडदा उजळला. "ही खुली माहिती आहे. म्हणजे जिला कुलूप नाही, कुणीही मागावी आणि कुणालाही मिळावी अशी."

पडद्यावर नकाशा आला. माळावरचं सौर केंद्र, तिथून निघालेला फीडर (वस्त्यावस्त्यांपर्यंत वीज नेणारी मोठी तार), आणि त्या तारेवर मण्यांसारखे ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एकेक डीपी. काही हिरवे, काही पिवळे. लवटेवस्तीचा लालभडक.

"हिरव्या डीपीवर अजून जागा आहे. पिवळीवर थोडी आहे. लाल डीपी वरचेवर पडते, म्हणून तिच्यावर नवीन काही जोडायचं असेल तर आधी विचार करा, एवढंच तो रंग सांगतो. दवाखाने हाच नकाशा बघतात."

"आमच्या डीपीवर किती जागा?"

"तिची क्षमता शंभर केव्हीए आहे. केव्हीए म्हणजे डीपीची ताकद मोजायचं माप. शंभर किलो पेलणारी गाडी समजा. आठ मोटारी चालू असताना प्रत्येकीला साधारण सात लागतात. सगळ्या घरांचे मिळून दहा."

कार्तिकीनं बोटांवर हिशेब केला. "आठ सत्ते छप्पन्न आणि दहा सहासष्ट. मग शंभरात सहासष्ट! चौतीस उरतात की! तरी पडते?"

"तरी पडते."

"म्हणजे कोणीतरी आकडा टाकून चोरतंय!" कार्तिकीचे डोळे चमकले. तिला कोण ते माहीतच होतं. "म्हाळूनाना! त्याची मोटार सगळ्यात मोठ्यानं ओरडते. बरोबर ना?"

"कुणाच्या घरी किती वीज जाते ते मी सांगत नाही. ते ज्याचं त्याचं. डीपीवर एकूण किती लोड येतो (एकाच वेळी मागितलेली सगळी वीज) ते सगळ्यांचं."

"मग तुझा काय उपयोग?" म्हणत कार्तिकी पाठ फिरवून गेली सुद्धा.

म्हाळूनाना बांधावर बसून तंबाखू मळत होता. कार्तिकीनं जाऊन सरळ तोंडावर विचारलं, "नाना, आकडा कुठं टाकलायस?"

नाना आधी हसला. मग हसायचा थांबला. "कार्ते, तुझ्या आबानं आणि मी एका ताटात खाल्लंय. मी आकडा टाकीन व्हय?" तो उठला आणि तिला मोटारीच्या खोलीत घेऊन गेला. "बघ. ह्यो मीटर, ही तार. कुठं हाय आकडा? दाखव."

आकडा नव्हता. कार्तिकीची मान खाली गेली. पण खाली जाता जाता तिची नजर एका डबीवर थांबली. डबीवर एक गोल बटण होतं आणि भोवती आकडे. बटणाचं टोक शून्यावर होतं.

"हे काय?"

"ऑटो. वीज आली की ह्यो आपणहून मोटार चालू करतो. आपण शेतात असू, न्हाय तर लग्नाला गेलेलो असू, मोटार राहत न्हाय. आणि हे बटण म्हंजे वीज आल्यावर किती वेळ थांबायचं त्याचं."

"आणि तुझं शून्यावर का?"

"मग कशावर असणार?" नाना म्हणाला. "वीज आली की डीपी पडायच्या आत जेवढं पाणी ओढता येईल तेवढं ओढायचं. मागं राहिला त्यो संपला. आमचं बापजादं रात्री-बेरात्री विजेची वाट बघत बसायचं पोरी. तवापास्नं ही सवय हाय. आणि माझं एकट्याचं कशाला सांगतीस? तायाक्काचं शून्यावर, त्या इठूचं शून्यावर. तुझ्या बापाचं बी शून्यावरच हाय, जा बघून ये."

कार्तिकी पळत घरच्या मोटारीपाशी गेली. बटण शून्यावर होतं. वर अण्णांनी ते हलू नये म्हणून चिकटपट्टी लावली होती.

ती परत डीपीपाशी आली तेव्हा घोरपड अजून तिथंच होती.

"गेली नाहीस?"

"आपला प्रश्न अर्धा राहिला होता."

कार्तिकी खाली बसली. "सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू होतात. पण झाल्या तर काय? सहासष्टच होणार ना?"

"तो हातगाडा दिसतो? डाळिंबाचे क्रेट भरलेला. तो ढकला बरं."

कार्तिकीनं पदर नव्हता म्हणून ओढणी खोचली आणि जोर लावला. गाडा हलेना. तिनं टाच मातीत रोवली, दात खाल्ले, पुन्हा जोर लावला. गाडा कुरकुरला आणि एकदाचा हलला. एकदा हलल्यावर मात्र एका हातानं जाऊ लागला.

"केव्हा जास्त जोर लागला?"

"हलवताना." कार्तिकी बोलता बोलता थांबली. "म्हणजे मोटारीचं पण...?"

"तसंच. थांबलेल्या मोटारीला फिरायला लावायचं म्हणजे पहिले काही क्षण जवळपास पाचपट वीज लागते. सातच्या जागी पस्तीस. तिला सुरुवातीचा झटका म्हणू. फिरायला लागली की परत सात."

"आणि आठ जणी एकदम..." कार्तिकीनं काडीनं मातीत लिहिलं. "पस्तीस आठे दोनशे ऐंशी! आणि घरांचे दहा. शंभराच्या गाडीत दोनशे नव्वद!"

घोरपडीनं पाठीवर आलेख दाखवला (आकड्यांचं रेषेनं काढलेलं चित्र). रेष सपाट जात होती. ढग आला तिथं खाली घसरली. ढग गेला तिथं एकदम सुळका, आकाशाला टेकेल असा, आणि मग एकदम शून्य. पुन्हा सपाट, पुन्हा सुळका, पुन्हा शून्य. प्रत्येक ढगामागं एक सुळका.

"ढगात सौर केंद्र मोटारींची वीज थांबवतं, घरांना बॅटरीवर ठेवतं," घोरपड म्हणाली. "ऊन आलं की मोटारींची परत सोडतं. तो क्षण आठही ऑटो एकदम पकडतात. डीपी जळू नये म्हणून खटका पडतो. घरं त्याच डीपीवर, म्हणून घरंही जातात."

कार्तिकी मातीतल्या आकड्यांकडं बघत राहिली. चोर कुणीच नव्हता. डीपी पडेल म्हणून सगळे घाई करत होते, आणि सगळे घाई करत होते म्हणून डीपी पडत होती. तिला हसावं की रडावं कळेना.

वीज आल्यावर तिनं आबांना पुन्हा फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. आबा डोळे मिटून ऐकत होते. तिला वाटलं झोपले.

"झोपलो न्हाय," आबा म्हणाले. "मला आपली वाघर दिसत हुती. वाघर म्हंजे रातच्याला मेंढरांभोवती लावायची जाळी. सकाळी तिचं एक तोंड उघडायचं. सगळी मेंढरं एकदम निघाली की जाळी फाटती, कोकरं तुडवली जात्यात. म्हणून आम्ही तोंडापाशी दोन पाय रोवून उभं राहायचो आणि एकेक सोडायचो. समदी बाहेर पडायला लई वेळ लागत न्हाय. जीव सगळ्यांचा वाचतो."

"पण आधी कुणाला सोडायचं? इथं प्रत्येकाला पहिलंच जायचंय."

"भांडण मेंढरं करत्यात गं. ज्याच्या हातात वाघर असती त्यो सगळ्यात शेवटी निघतो."

संध्याकाळी डाळिंबं निवडायच्या शेडमध्ये आठही घरची माणसं जमली. कार्तिकीनं बोलवलं म्हणून नाही. घोरपड शेडच्या भिंतीवर चढून बसलीय, हे बघायला. तिनं पांढऱ्या भिंतीवर आलेख मोठा करून दाखवला. कार्तिकीनं हातगाड्यापासून सगळं समजावलं. मध्ये दोनदा ती चिडली, एकदा इठूकाकाला "तुम्ही गप्प बसा आधी" म्हणाली आणि आईकडून टपली खाल्ली.

"एकेक सोडायच्या म्हणतीस," इठूकाका म्हणाला. "हिशेब तरी बसतोय का?"

"बसतोय. शेवटची मोटार बघा. सात आधीच फिरतायत, सात सत्ते एकोणपन्नास. शेवटचीचा झटका पस्तीस. घरं दहा. चौऱ्याण्णव! शंभराच्या आत."

"आणि तुझ्या आबाचं मशीन?"

"दोन लागतील," घोरपड भिंतीवरून म्हणाली. "शहाण्णव."

मग तायाक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सगळं खरं. पण मी थांबायचं आणि ह्या नानानं गुपचूप शून्यावर ठेवायचं, मग?"

"मी? तूच ठेवशील!"

"दिसेल ना!" कार्तिकी ओरडली. "एकेक चालू झाली तर रेषेच्या आठ पायऱ्या दिसतील. कुणी मध्ये घुसलं तर पायरी दुप्पट उंच होईल. ही रेष कुणीही कधीही बघू शकतं. मी बघणार, तुम्ही बघा, इठूकाकांची म्हातारी बघू दे. कुणाला कुणावर विश्वास ठेवायची गरजच नाही. बघायचं फक्त."

"पहिली कुणाची?"

"पहिली नानांची. मग बांधाबांधानं. प्रत्येकीत अर्ध्या मिनिटाचं अंतर." तिनं अण्णांकडं बघायचं टाळलं. "आमची शेवटी."

अण्णांनी चमकून तिच्याकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ढग आला. गेला. वस्ती श्वास रोखून उभी. आणि खट्!

झालं. नुसता गलका. सगळे शेडमध्ये येऊन एकमेकांवर तुटून पडले. भिंतीवर सहा पायऱ्या नीट दिसत होत्या. सातवी दुप्पट उंच होती, आणि तिथंच रेष शून्यावर आली होती.

"सातवी तायाक्काची!" नाना गरजला. "मला नावं ठेवत हुतीस काय?"

"माझं बटण जिथल्या तिथं हाय! आईची आण!" तायाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं.

कार्तिकी भिंतीजवळ गेली. रेषेखाली वेळ लिहिलेली होती. तिनं बोट ठेवून मोजलं. सातवीची वेळ बरोबर होती. तायाक्का घाईनं आली नव्हती, उशिरानंही नव्हती. मग दुप्पट का? कारण आठवी तिथंच येऊन घुसली होती. आणि आठवी कुणाची?

तिनं मागं वळून बघितलं. अण्णा शेडच्या दारात उभे होते आणि कुणाच्याच नजरेला नजर देत नव्हते.

एरवी कार्तिकीनं शेड डोक्यावर घेतलं असतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण अण्णा टोपी काढून हातात चुरगाळत होते, ते तिला दिसलं.

"तायाक्का नाही," ती म्हणाली. "आमची आहे."

अण्णा पुढं आले. "माझंच चुकलं," ते म्हणाले. "फुलं गळतील असं वाटलं. शून्यावर न्हवतं ठेवायचं, नुसतं थोडं मागं घेतलं. हात आपसूक गेला बघा. माझ्याच बापासाठी सगळी थांबली, आणि मीच..."

तायाक्कानं नाक पुसलं. "असू द्या दादा. माझा बी हात दोनदा गेला हुता त्या बटणावर. मी दुसऱ्या हातानं धरून ठेवला."

हसायचं नव्हतं, पण सगळे हसले. त्या दिवसापासून अण्णांच्या मोटारीचं बटण कार्तिकीच्या ताब्यात गेलं. महिना पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचा होता. कार्तिकीनं आबांना तसं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तुझ्या बापाला वरडू नगंस."

"नाही वरडले."

"खरं?"

"अगदी तोंडापर्यंत आलं होतं."

त्यानंतर किती ढग आले आणि गेले. बागेतली फुलं गळाली नाहीत. सगळ्या मोटारी सुरू व्हायला जेवढा वेळ लागायचा, त्यात चहाचं आधणसुद्धा नीट येत नव्हतं. पोरांना नवीनच खेळ सापडला. ऊन आलं की कान टवकारायचे आणि आवाजावरून मोटार ओळखायची.

महिना भरत आला आणि त्या दुपारी आभाळानं जणू परीक्षाच घ्यायची ठरवली. एकामागून एक ढग, काळे, मोठे. मोटारी थांबायच्या, सुरू व्हायच्या, परत थांबायच्या. मग सगळ्यात मोठा ढग आला आणि अर्धा तास हललाच नाही. पाणी थांबलं, बागा तहानल्या. एवढ्या वेळानंतर आता कुणाचा तरी हात जाणार, कार्तिकीला खात्री वाटत होती. ती बटणापाशी उकिडवी बसून होती. तिचा स्वतःचाच हात दोनदा पुढं गेला.

ऊन आलं.

लांबून नानांची मोटार गुरगुरली. मग तिच्या अलीकडची, शिट्टी मारणारी. मग इठूकाकाची, जिला खोकला झालाय असं वाटायचं. एकेक, एकेक, बांधाबांधानं आवाज जवळ यायला लागला, जसं कुणीतरी लांबून हाका मारत मारत येतंय. तायाक्काची चालू झाली. कार्तिकीनं श्वास धरला. डबीतून टिक झालं, पाइप थरथरला, पाणी आलं. आणि डीपी गप्प. नुसती गुणगुणत होती.

कार्तिकी तिथंच चिखलात बसली आणि खूप रडली. कुणी बघत नव्हतं. घोरपड खांबावरून बघत होती, पण तिनं ते नोंदवलं नाही.

ठिपका पिवळा झाला. मुजावर मॅडमनी शब्द पाळला. मशीन आलं, नर्सताईनं आईला आणि अण्णांना चार वेळा शिकवलं, आणि मग एका सकाळी आत्याच्या गाडीतून आबा उतरले. उतरल्यावर त्यांनी घराकडं बघितलं नाही, माणसांकडं बघितलं नाही. मान वर करून गोल फिरले, सगळं आभाळ एकदा बघून घेतलं, आणि मग म्हणाले, "चला, चहा टाका. अर्धाच कप, डॉक्टरीणबाईचा हुकूम हाय."

आता आबा मशीन लावून ओट्यावरच्या पलंगावर पडायचे. बारीक नळ्यांतून त्यांचं रक्त मशीनमध्ये जायचं आणि गाळून परत यायचं. कार्तिकी शेजारी बसून फोनवर तो नकाशा उघडायची. पहिले काही दिवस आबा आपलाच ठिपका बघायचे. मग त्यांना दुसऱ्यांचे दिसायला लागले.

"ह्यो माळापल्याडचा लाल कुणाचा गं?"

"माहीत नाही. कुठली तरी वस्ती आहे."

"कुठली तरी म्हंजे?" आबांनी एक डोळा उघडला. "तितं बी कुणाचा तरी आबा असंल की. माझं हितं अजून दोन तास हाय. तू बसून काय करणार?"

कार्तिकीनं बॅटरीची सायकल काढली. घोरपड तारेवरून तिच्यापुढं निघाली. माळावरचा चढ दमवणारा होता आणि ऊन मी म्हणत होतं. पलीकडच्या वस्तीवर पोचली तेव्हा तिचा चेहरा डाळिंबासारखा झाला होता. एक कुत्रं भुंकत अंगावर आलं. पाठोपाठ एक काठी घेतलेली बाई बाहेर आली.

"कोण गं तू? काय पाहिजे?"

"मी खालच्या लवटेवस्तीवरची कार्तिकी," ती धापा टाकत म्हणाली. "तुमच्या डीपीबद्दल बोलायला आलेय. सगळ्यांना बोलवा. पण आधी मला तांब्याभर पाणी द्या. मग भांडू."